थव्यातला डगमगणारा मासा

अनोळखी पाण्यावर गळ घेऊन गेलेल्या माणसापुढे पहिला प्रश्न उभा राहतो, तो मासा आहे कुठे, हा. पाण्याचा पृष्ठभाग सगळीकडे सारखाच दिसतो. खाली खडक आहे की गाळ, पाणवनस्पती आहेत की बुडालेले झाड, पाणी कुठे कमरेएवढे आहे आणि कुठे दोन पुरुष खोल, हे काठावरून कळत नाही. अमेरिकेत बास या माशामागे लागलेल्या लक्षावधी हौशी मंडळींचा सारा खेळ या एका प्रश्नाभोवती फिरतो. उत्तर शोधण्यासाठी त्यांच्या पेटीत नाना आकारांची, नाना रंगांची बनावट आमिषे असतात. त्या पेटीत हटकून सापडणारा एक लांबट, हलका, चंदेरी लाकडी मासा आहे. तो ज्याने प्रथम घडवला, त्याच्या गावच्या सरोवरात बास नव्हता. लाउरी रापाला हे त्याचे नाव. फिनलंडमधील एका गरीब मच्छीमाराने आपल्या एकाच सरोवरात जे पाहिले, ते त्याला अपरिचित असलेल्या खंडातील पाण्यालाही लागू पडले, याची ही कहाणी आहे.

आपल्याकडील वाचकांसाठी येथे एक खुलासा करायला हवा. हॉटेलांच्या मेनूकार्डावर दिसणारा बासा हा आग्नेय आशियातील नद्यांमधला मासा असून त्याचा या बासशी काहीही संबंध नाही. कोकणातील खाड्यांमध्ये मिळणाऱ्या जिताड्याला इंग्रजीत आशियाई सी बास म्हणतात. मात्र तोही वेगळ्या कुळातला. येथे अभिप्रेत आहे तो उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातील ब्लॅक बास. मोठ्या तोंडाचा आणि लहान तोंडाचा अशा त्याच्या दोन जाती विशेष प्रसिद्ध आहेत. जिताड्याशी त्याचे साम्य आहे ते स्वभावाचे. दोघेही आडोशाला दबा धरून बसतात आणि जवळून जाणाऱ्या लहान माशावर अचानक झडप घालतात.

नावातच चिखल

लाउरी यांचा जन्म १९०५ साली मध्य फिनलंडमधील सिस्मा या भागात झाला. त्या वेळी फिनलंड स्वतंत्र देश नव्हता. रशियाच्या झारच्या साम्राज्यातील तो एक स्वायत्त प्रांत होता. लाउरी यांचे मूळ आडनाव सारिनेन. ते सुमारे सात वर्षांचे असताना आई मारी त्यांना घेऊन आसिक्काला या गावी राहायला आली. चर्चच्या दप्तरात नव्या रहिवाशांची नोंद करण्याची पद्धत होती. नोंद करणाऱ्या धर्मगुरूला या बाईचे आडनाव आठवेना, तेव्हा ती ज्या वस्तीतून आली त्या वस्तीचे नावच त्याने आडनाव म्हणून लिहून टाकले, अशी हकिगत सांगितली जाते. त्या वस्तीचे नाव होते रापाला. फिनिश भाषेत ‘रापा’ म्हणजे चिखल. एका कारकुनी विस्मरणातून मिळालेले हे चिखलाचे नाव पुढे जगभरातील मासेमारीच्या दुकानांत झळकणार होते, याची कल्पना तेव्हा कोणालाही येणे शक्य नव्हते.

लाउरी यांचे बालपण कष्टातच गेले. १९१७ साली फिनलंड स्वतंत्र झाला आणि पुढच्याच वर्षी तेथे यादवी युद्ध पेटले. त्या धामधुमीच्या काळात गरिबाघरच्या मुलाने शिकून मोठे व्हावे अशी परिस्थिती नव्हती. आसपासची जंगले, शेते आणि पाणी यांवरच पोट भरायचे होते. लाउरी यांनी तिन्ही ठिकाणी मजुरी केली. हिवाळ्यात जंगलात झाडे तोडायची, पेरणी-कापणीच्या दिवसांत शेतावर राबायचे आणि बर्फ वितळले की होडी पाण्यात लोटायची, असा त्यांचा वर्षाचा क्रम होता.

१९२८ साली त्यांचा विवाह एल्मा लेप्पॅनेन यांच्याशी झाला. पुढे हे कुटुंब पायान्ने सरोवराच्या काठी रीहिलाहती येथे स्थिरावले. घरात मुले वाढत होती. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीने फिनलंडच्या लाकूड व्यापाराला मोठा फटका दिला होता आणि लाकूडतोडीवर विसंबून राहणाऱ्यांचे हाल होत होते. अशा वेळी सरोवर हाच रापाला कुटुंबाचा भरवशाचा आधार होता.

हजार गळांची दोरी

पायान्ने हे फिनलंडमधील दुसऱ्या क्रमांकाचे मोठे सरोवर. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,०८० चौरस किलोमीटर असून ते सुमारे १२० किलोमीटर लांब पसरलेले आहे. कमाल खोली ९५ मीटर. बेटे, खडकाळ उथळ जागा आणि अचानक खोल जाणारे तळ यांनी ते भरलेले आहे. आज राजधानी हेलसिंकीला पिण्याचे पाणी याच सरोवरातून, १९८२ साली पूर्ण झालेल्या १२० किलोमीटर लांबीच्या बोगद्याने पोहोचते. पाइक, ट्राउट आणि पर्च हे येथील शिकारी मासे. बाजारात त्यांना भाव होता.

हे मासे धरण्यासाठी लाउरी लांब दोरीला ओळीने गळ बांधून ती पाण्यात सोडत. कधी कधी एका दोरीला हजारापर्यंत गळ असत, असे सांगतात. प्रत्येक गळाला खरे आमिष लावावे लागे. म्हणजे मोठा मासा धरण्याआधी शेकडो लहान मासे धरायचे, ते एकेक करून गळात ओवायचे, दोरी सोडायची, ओढायची, खाल्लेली आमिषे बदलायची आणि पुन्हा तेच. कोकणात गरी टाकून मासे धरणाऱ्या कोणालाही या कामाचे श्रम समजावून सांगायला नकोत. दिवसाचे कित्येक तास केवळ आमिष मिळवण्यात आणि लावण्यात जात. त्यात मोटार नसलेली होडी. दिवसभर वल्ही मारत मैलोनमैल पाणी कापायचे.

या पद्धतीतील खरा तोटा वेळेचा होता. जितका वेळ आमिषात जाई तितका वेळ मासेमारीतून वजा होई. उलट, पुन्हापुन्हा वापरता येणारा आणि माशाला फसवणारा बनावट मासा हाती आला, तर तो होडीमागे ओढत दिवसभर पाणी धुंडाळता आले असते. लाउरी यांची गरज ही अशी साधी होती. त्यांच्या डोक्यात शोध लावण्याची हौस नव्हती. घरात खाणारी तोंडे वाढत होती, एवढेच कारण पुरेसे होते.

धातूचे चमचे आणि लाकडी मासे त्या काळी बाजारात नव्हते असे नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यातील जेम्स हेडन या मधुमक्षिकापालकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच लाकडाची आमिषे कोरायला सुरुवात केली होती आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो एक धंदा झाला होता. युरोपातही कारखान्यात बनलेली आमिषे मिळत. परंतु ती विकत घ्यायला पैसे लागत. शिवाय त्यांतील अनेक आमिषे पाण्यातून एकसुरी चालीने सरळ ओढली जात. लाउरी यांना हवे होते ते काही वेगळेच होते.

मत्स्यन्यायाची दुरुस्ती

मोठा मासा लहान माशाला खातो, हे तत्त्व आपल्याकडे फार जुने आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात त्याला मत्स्यन्याय म्हटले आहे. परंतु मोठा मासा नेमक्या कोणत्या लहान माशाला खातो, हा प्रश्न राजनीतीच्या ग्रंथाला पडण्याचे कारण नव्हते. तो पडला एका मच्छीमाराला.

होडीतून जाता-येता लाउरी पाण्याखालील हालचाली पाहत असत. लहान माशांचा थवा एका दिशेने, एका लयीत पोहत असतो. बाजूने एखादा पाइक किंवा ट्राउट येतो. हजारो मासे समोर असताना तो सरसकट तोंड मारत नाही. थव्यातला एखादा मासा इतरांपेक्षा वेगळा पोहत असतो. तो जखमी असेल, आजारी असेल किंवा थकलेला असेल. त्याची चाल किंचित डगमगते, अंग थोडे कलते, तो लयीतून निसटतो. शिकारी मासा नेमका त्यालाच टिपतो. धडधाकट माशामागे धावण्यात शक्ती जास्त खर्च होते आणि यशाची खात्री नसते. दुबळा मासा कमी श्रमात हाती लागतो. निसर्गाचा हा हिशेब लाउरी यांच्या ध्यानात आला.

आजच्या घडीला ही गोष्ट कोणालाही पटेल अशी वाटते. पण तिच्यामुळे आमिषाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. तोपर्यंत आमिष बनवणाऱ्यांचा भर चकाकी, रंग आणि आकार यांवर होता. मासा पाहील आणि भुलेल, ही त्यामागची समजूत. लाउरी यांच्या निरीक्षणानुसार माशाला ओढणारी गोष्ट होती चाल. बनावट मासा दिसायला हुबेहूब असला आणि चालीने धडधाकट असला, तर तो थव्यातल्या हजारांपैकी एक झाला. त्याला निवडण्याचे शिकाऱ्याला काही कारण उरले नाही. आमिषाने पाण्यात अधू झाल्यासारखे पोहायला हवे होते.

रापी, बूच आणि चॉकलेटचा कागद

आता प्रश्न होता तो असे अधूपण लाकडात कसे आणायचे, हा. लाउरी यांच्याकडे ना यंत्रे होती ना शिक्षण. चांभाराची रापी, काचकागद आणि भरपूर चिकाटी एवढेच त्यांचे भांडवल. बुचाचा तुकडा घेऊन त्यांनी बोटभर लांबीचा, सडपातळ मासा कोरला. वरून चॉकलेट आणि चीजच्या वेष्टनाचा चंदेरी कागद चिकटवला, म्हणजे खवल्यांसारखी चकाकी आली. पाण्याने तो सुटू नये यासाठी वरून पारदर्शक लेप हवा होता. वार्निश विकत आणण्याऐवजी त्यांनी फोटोच्या जुन्या निगेटिव्ह फिती वितळवल्या आणि त्या रसाचा थर माशावर चढवला. १९३६ साली त्यांच्या मनाजोगता पहिला मासा तयार झाला. घरातल्या टाकाऊ वस्तूंतून घडलेला हा नमुना पुढच्या कोट्यवधी आमिषांचा मूळपुरुष ठरला.

त्याची चाल कशी साधली हे समजून घेण्यासारखे आहे. माशाच्या तोंडाखाली एक लहानशी तिरपी पट्टी बसवलेली असते. दोरीने ओढले की पाण्याचा दाब या पट्टीवर येतो आणि मासा खाली बुडी मारतो. बूच हलके असल्याने अंग त्याला वर ढकलत असते. या दोन बलांच्या ओढाताणीत मासा डावी-उजवीकडे झुलत पुढे जातो. पट्टीचा कोन जरा चुकला, पोटाकडचे वजन जरा हलले की ही लय बिघडते. मासा एका कुशीवर लोळतो किंवा निर्जीव काटकीसारखा सरळ येतो. लाउरी कोरत, पाण्यात ओढून पाहत, पुन्हा तासत. ओढ थांबली की मासा सावकाश वर येऊन तरंगत असे. थकलेला जीव क्षणभर थांबावा तसे ते दिसे आणि पुष्कळदा शिकारी मासा त्याच क्षणी झडप घाली.

या आमिषाने लाउरी यांचा दिवस बदलला. आमिषे पकडण्याचे आणि लावण्याचे तास वाचले. होडीमागे हा मासा ओढत ते सरोवराच्या नव्या नव्या भागांत जाऊ लागले. एका दिवसात त्यांनी सुमारे पावणेतीनशे किलो मासे धरल्याची आख्यायिका त्या भागात प्रसिद्ध आहे. आकड्यात आख्यायिकेचा वाटा असेलही. पण शेजारच्या मच्छीमारांनी या माणसाकडे आमिषे मागायला सुरुवात केली, ही वस्तुस्थिती आहे. मच्छीमार कौतुकापोटी पैसे मोजत नाही. त्यामुळे ही मागणी हेच त्या आमिषाचे पहिले खरे प्रमाणपत्र होते.

युद्ध आणि घरचा कारखाना

धंद्याची घडी बसण्याआधीच युद्ध आले. १९३९ च्या अखेरीस सोव्हिएत संघाने फिनलंडवर आक्रमण केले. हिवाळी युद्ध म्हणून ओळखला जाणारा हा संघर्ष १९४० च्या मार्चमध्ये थांबला. पण १९४१ ते १९४४ या काळात दोन्ही देश पुन्हा लढले. शांतता झाली तेव्हा फिनलंडने बराच प्रदेश गमावला होता आणि युद्धाची भरपाईही त्यालाच द्यायची होती. अशा देशात एका खेड्यातील माणूस लाकडी मासे कोरून संसार उभा करू पाहत होता.

युद्धानंतर मुले हाताशी आली. रेयो, रिस्तो आणि एन्सियो ही मुले वडिलांकडून काम शिकली. हळूहळू लहानसहान यंत्रे बनली, कोरण्याचा वेग वाढला. पुढे बुचाची जागा दक्षिण अमेरिकेतील बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाने घेतली. मात्र एका गोष्टीत लाउरी यांनी तडजोड केली नाही. प्रत्येक मासा विक्रीला जाण्यापूर्वी पाण्याच्या टाकीत ओढून पाहिला जाई. त्याची चाल बरोबर नसेल, तर हाताने दुरुस्त केली जाई. रंग उत्तम बसला आहे, आकार सुबक आहे, एवढ्यावर माल पसंत होत नसे. ही पद्धत पुढे कारखाना मोठा झाल्यावरही या आमिषांची ओळख बनून राहिली.

अमेरिकेचे पाणी

पायान्नेच्या काठावरचा हा मासा अटलांटिकपलीकडे पोहोचला तो १९५० च्या दशकात. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात आणि सुपीरियर सरोवराच्या परिसरात फिनलंडहून गेलेल्यांची मोठी वस्ती होती. १९५९ साली मिनियापोलिस येथील रॉन वेबर या मासेमारी साहित्याच्या विक्रेत्याच्या नजरेस हे आमिष पडले. इतरांच्या गळाला काही लागत नसताना या फिनिश माशाला मासे लागत असल्याचे पाहून त्यांना कुतूहल वाटले. त्यांनी फिनलंडशी पत्रव्यवहार करून माल मागवला आणि रे ऑस्ट्रम या सहकाऱ्याबरोबर त्याची विक्री सुरू केली. पुढे त्यांची कंपनी नॉर्मार्क या नावाने ओळखली जाऊ लागली.

अमेरिकेत या आमिषाची कसोटी नव्या माशावर होती. तेथील तळ्यांत आणि धरणांत पाइक होतेच; पण हौशी मंडळींचा जीव अडकला होता तो बासमध्ये. बासची खोड वेगळी. पाइकप्रमाणे तो शिकारी असला, तरी तो पाणवनस्पतींच्या कडा, पडलेली झाडे, धक्क्यांची सावली, खडकांचे ढीग अशा आडोशांना चिकटून राहतो. फिनलंडमधील लाउरी यांना या माशाच्या सवयींचा अनुभव असण्याचे कारण नव्हते. तरीही त्यांचे आमिष बासलाही चालले. कारण दुबळ्या भक्ष्याकडे वळण्याची प्रवृत्ती पाइकची खासगी मालमत्ता नव्हती. ती शिकारी माशांची सामाईक प्रवृत्ती होती.

१९६२ च्या ऑगस्टमध्ये एक योगायोग घडला. अमेरिकेतील ‘लाइफ’ या सचित्र साप्ताहिकाने या आमिषावर लेख तयार ठेवला होता. त्याच सुमारास अभिनेत्री मेरिलिन मन्रो हिचा अकाली मृत्यू झाला. १७ ऑगस्टच्या अंकाच्या मुखपृष्ठावर तिचे छायाचित्र आले आणि त्या अंकाचा खप प्रचंड झाला. त्याच अंकात फिनलंडच्या मच्छीमाराच्या लाकडी माशाची हकिगतही होती. एका अभिनेत्रीच्या निधनाची बातमी वाचण्यासाठी घेतलेला अंक घराघरांत गेला आणि त्याबरोबर रापाला हे नावही गेले. त्यानंतर सुमारे ३० लाख आमिषांची मागणी नोंदली गेली, असे कंपनीच्या इतिहासात म्हटले आहे. घरगुती कारखान्याला हा आकडा झेपणारा नव्हता. टंचाई एवढी झाली की काही दुकानदार अनामत ठेवून घेऊन आमिष भाड्याने देत, असे सांगितले जाते. आसिक्काला परिसरातील व्हॅक्सी येथे उत्पादन वाढवावे लागले आणि एका खेड्याचे नाव उद्योगाच्या नकाशावर आले.

अनोळखी तळ्यावर काय निवडावे?

येथे मूळ प्रश्नाकडे वळू. अनोळखी पाण्यावर बास शोधताना पेटीतून प्रथम काय काढावे? अनुभवी मंडळी या कामाचे दोन भाग करतात. पहिला भाग मासा शोधण्याचा, दुसरा तो पकडण्याचा. शोधासाठी कमी वेळात जास्त पाणी पालथे घालणारे आमिष लागते. मासा सापडल्यावर त्याच जागी सावकाश काम करणारे आमिष उपयोगी पडते. पहिल्या टप्प्यातच हळूबाई आमिष घेऊन बसले, तर रिकाम्या जागेवर सकाळ निघून जाते.

लाउरी यांचा तरंगणारा मासा या पहिल्या टप्प्यासाठी उत्तम. तो साधारण हातभर ते पुरुषभर पाण्यात चालतो. त्यामुळे किनाऱ्याजवळील उथळ भाग, वनस्पतींच्या कडा आणि पडलेल्या झाडांचे शेंडे त्याने झटपट तपासता येतात. वसंतात अंडी घालण्यासाठी बास उथळ पाण्यात येतो, तेव्हा किंवा उन्हाळ्यातील पहाटे-संध्याकाळी तो काठाशी शिकार करतो, तेव्हा याचा उपयोग अधिक. ऊन चढले, पाणी तापले की मासे सावलीत किंवा खोल पाण्याच्या कडेला सरकतात. तेथे हे आमिष पोहोचत नाही.

त्यावरचा उपाय रापाला कुटुंबाच्या कारखान्यातूनच १९६० च्या दशकात आला. काउंटडाउन या नावाचा हा मासा बुडणारा होता आणि तो सेकंदाला साधारण एक फूट या ठरावीक वेगाने खाली जाई. गळ टाकणाऱ्याने मनात अंक मोजायचे. तीन मोजून ओढून पाहायचे, मग पाच, मग आठ, मग दहा. ज्या आकड्यावर मासा लागला, तो आकडा लक्षात ठेवायचा आणि पुढची प्रत्येक फेक तेवढेच मोजून करायची. पाण्याखालची खोली मोजण्याची विद्युत साधने सर्वसामान्यांच्या हाती नव्हती, त्या काळात हा साधा मासा एकाच वेळी आमिष आणि मोजपट्टी होता. अदृश्य पाण्याचा एकेक थर तपासण्याची शिस्त त्याने लावली.

रंगाच्या बाबतीतही मूळ निरीक्षण कामी येते. त्या पाण्यातील बास काय खातो, हे आधी पाहावे. काठाशी चंदेरी लहान मासे उड्या मारत असतील, तर चंदेरी आमिष. खडकांत पर्चची पिल्ले असतील, तर हिरवट पट्ट्यांचे. पाणी स्वच्छ असेल, तर नैसर्गिक रंग आणि सौम्य चाल चालते. पाणी गढूळ असेल, तर माशाला दिसत कमी असल्याने ठळक रंग किंवा जास्त कंप निर्माण करणारे आमिष घ्यावे लागते. थंड पाण्यात माशाचे शरीर मंदावते, म्हणून ओढही संथ हवी. या साऱ्या नियमांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. आमिषाची निवड पेटीकडे पाहून करायची नसते, पाण्याकडे पाहून करायची असते.

या प्रश्नाला अमेरिकेत किती महत्त्व आले, हे १९७१ च्या एका स्पर्धेवरून कळते. रे स्कॉट यांनी १९६८ मध्ये बास धरणाऱ्यांची संघटना स्थापन केली होती. तिच्या पहिल्या अजिंक्यपद स्पर्धेसाठी निवडलेल्या २४ जणांना विमानात बसवेपर्यंत जागा सांगण्यात आली नव्हती. विमान आकाशात गेल्यावर कळले की नेवाडातील मीड सरोवरावर जायचे आहे. बरोबर नेण्याच्या साहित्याचे वजनही मर्यादित होते. म्हणजे पाण्याचे नाव माहीत नसताना कोणती आमिषे घ्यायची, हीच खरी परीक्षा होती. स्पर्धा बॉबी मरे यांनी जिंकली. पायान्नेच्या काठी वल्ही मारत काढलेल्या आयुष्यातून लाउरी यांना जो प्रश्न पडला होता, तो आता बक्षिसांच्या स्पर्धेचा विषय झाला होता.

एका सरोवराचे शहाणपण

लाउरी रापाला १९७४ साली निवर्तले. तोवर चिखलाच्या नावाचा हा लाकडी मासा जगाच्या अनेक देशांत पोहोचला होता. मुलांनी आणि नंतर इतरांनी धंदा वाढवला. १९९८ मध्ये कंपनीची हेलसिंकीच्या शेअर बाजारात नोंदणी झाली. पुढे गळ बनवणारी फ्रान्समधील व्हीएमसी ही कंपनी तिच्यात सामील झाली आणि दोन्ही नावे जोडली गेली. बाजारात आज प्लास्टिकची, आवाज करणारी, असंख्य रंगांची आमिषे आहेत. पाण्याखालचे चित्र पडद्यावर दाखवणारी उपकरणे आहेत. तरीही १९३६ च्या त्या मूळ घडणीचा मासा विकला जातो आणि त्याला मासेही लागतात.

लाउरी यांनी शोधनिबंध लिहिला नाही की प्रयोगशाळा पाहिली नाही. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी एका सरोवराच्या काठी काढला. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, असे आपल्याकडे म्हणतात. त्यांनी वैर केले ते पोटासाठी. पण त्याआधी माशाची ओळख करून घेतली. ती ओळख इतकी नेमकी होती की पाणी बदलले, देश बदलला, मासाही बदलला, तरी ती खोटी ठरली नाही. अनोळखी पाण्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाने पेटी उघडण्यापूर्वी घटकाभर थांबून पाण्याकडे पाहावे, लहान मासे कुठे आहेत आणि त्यांतला डगमगणारा कोणता, हे शोधावे. रीहिलाहतीच्या मच्छीमाराने मागे ठेवलेले शहाणपण एवढेच आहे आणि ते अजून पुरते.